कादंबरींतील हबशाचा मायदेश



चांदें हें मुळशी तालुक्यांतील गांव. तेथून पौडाच्या वाटेनें ताम्हिणी घाट उतरावा, माणगांव गांठावें आणि तसेंच पश्चिमेस जावें, म्हणजे मुरुडजवळ भर समुद्रांत जंजिरा उभा दिसतो. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ (१९७९) सारखी कादंबरी वाचणाऱ्यास हा किल्ला परका नाहीं. परका राहतो तो त्या किल्ल्याचा सिद्दी. कथेंत तो येतो तो स्वराज्याचा शत्रु म्हणून, आणि कथेला तेवढें पुरतें. परंतु हा मनुष्य मूळचा कोठला, त्याला येथें कोणीं आणिलें, हें वाचकानें विचारावयास नको काय?

हबश म्हणजे आजचा इथिओपिया व त्याच्या आसपासचा मुलूख. तेथील मुलें पकडून अरबस्तानच्या बाजारांत विकलीं जात व पुढें दक्षिणेंतील सुलतानांच्या पदरीं येत. दरबारांत दक्षिणी आणि परदेशी सरदारांचीं भांडणें नित्याचीं. तेव्हां ज्याला येथें ना कूळ ना गोत, असा शिपाई धन्याशींच एकनिष्ठ राहील, हा त्यांतला हिशेब होता.

मलिक अंबराचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. सन १६१७ मध्यें पीटर व्हॅन डेन ब्रूक नांवाचा डच व्यापारी त्याला भेटला. अंबराचें मूळ नांव चापू, आणि मोख्याच्या बाजारांत त्याची किंमत ऐंशी डच गिल्डर झाली, असें त्यानें नोंदविलें. ‘अंबर’ हें नांव पुढें बगदादच्या धन्यानें दिलें. ज्याची अशी विक्री झाली, तोच पुढें निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्यानें १६१० मध्यें खडकी शहर वसविलें. १६२४ मध्यें भातवडीस मोगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला, आणि त्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. म्हणजे ज्या कादंबऱ्यांत हबशी केवळ वैरी दिसतो, त्यांच्याच नायकाचे आजोबा एका हबशाच्या निशाणाखालीं लढलेले होते!

हें सारें पडताळून पाहण्यास पूर्वीं मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आज चांद्यांत बसूनहि आंतरजालावर तें पाहतां येतें. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या शोम्बर्ग केंद्रानें भारतांतील आफ्रिकी लोकांवर २०१३ मध्यें भरविलेलें प्रदर्शन तेथें आहे. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्राचा रॉजर्स व बेव्हरिज यांचा इंग्रजी अनुवाद इंटरनेट आर्काइव्हवर मिळतो. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहांतील चित्रांत बादशहा अंबराच्या तोडलेल्या शिरावर बाण सोडीत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील हाशिमच्या चित्रांत तोच अंबर शांतपणें उभा आहे.

मात्र साधन हातीं आलें म्हणजे सत्य हातीं आलें, असें नव्हे. डब्लिनच्या चित्रांतला प्रसंग कधींच घडला नाहीं. अंबर कोणाच्या हातीं सांपडला नाहीं. तो १६२६ मध्यें वृद्धापकाळीं मरण पावला. तें चित्र बादशहाच्या मनांतली इच्छा सांगतें. जहांगीर अंबराला शिव्या देतो, तर त्याच्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान अंबराच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मुक्तकंठानें स्तुति करतो. डच व्यापाऱ्यास किंमतच आठवली, कारण तो व्यापारी होता. म्हणून एका साधनावर न थांबतां, सांगणारा कोण आणि त्याचा स्वार्थ काय, हें विचारीत दोन-तीन साधनें शेजारीं ठेवून वाचावीं.

जंजिऱ्याचें संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें. पण सिद्दी लोक कर्नाटकांत, गुजरातेंत आजहि नांदत आहेत. त्यांचीं मुलें आपल्या मुलांप्रमाणेंच इतिहास वाचतात. त्या इतिहासांत त्यांच्या पूर्वजांस शत्रुत्वाखेरीज आणखी कांहीं, निदान एक जन्मभूमि आणि आईबापांनीं ठेविलेलें एक नांव होतें, एवढें तरी कादंबरी मिटतांना आपण ध्यानांत ठेवावें.