नंदाखालचे प्रभुमंदिर

दि. 10 जानेवारी 2020 रोजी धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) येथे 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूने स्वीकारले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांच्या निवडीस काहींनी विरोध केला होता; गोरोबाकाकांच्या भूमीने मात्र त्यांचे आदराने स्वागत केले. हे फादर ज्या गावचे, त्या वसई तालुक्यातील नंदाखालच्या प्रभुमंदिराची पूर्वपीठिका मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवी.

या दोन भूमींचा संबंध तसा जुनाच. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर आणि नंदाखालच्या शेजारचे नालासोपारे म्हणजे शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तांतात ही दोन्ही नावे येतात. त्याच सोपाऱ्यात 1321 साली जॉर्डनस नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूने ठाण्यास हुतात्मा झालेल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे देह आणून पुरले. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी दोन शतके या किनाऱ्याला ख्रिस्तनाम परिचित होते. ‘पहिले चर्च’ हा शब्द म्हणूनच जपून वापरावा.

गुजरातच्या बहादूरशाहाने 1534 च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. 1547 च्या सुमारास फ्रान्सिस्कन फादर अंतोनियो दो पोर्तो येथे आले आणि नंतर एकामागून एक धर्मग्राम उभे राहिले: सांडोर 1566, आगाशी 1568, आणि 1573 साली नंदाखाल, पवित्र आत्म्याच्या नावे. या अमदानीत हिंदूंची मंदिरे पाडली गेली, सत्तेचा धाक होता, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. आपल्या स्मरणिकांत या प्रकरणावरून हलकेच पुढे सरकण्याची प्रथा आहे. ती मला मान्य नाही. परंतु धाकाने जडलेला धर्म धाक सरताच गळून पडावयास हवा होता.

तो गळला नाही, आणि मला खरा इतिहास येथे दिसतो. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातील मोठमोठे मठ ओस पडले, घंटा देवळांत गेल्या (नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील घंटेवर 1721 हे साल आजही वाचता येते), युरोपीय धर्मगुरू निघून गेले. मागे राहिले ते आपले शेतकरी कुपारी, त्यांची कादोडी बोली आणि मूठभर एतद्देशीय धर्मगुरू. पेशवाईत, हिंदू राज्यकर्त्यांच्या अमलाखाली, या लोकांनी आपली उपासना टिकवली. त्यांच्यावर ना पोर्तुगालच्या राजाची छाया होती, ना कुणाची सक्ती. नंदाखालची स्थापना 1573 ची असेल. तेथील ख्रिस्ती समाज स्वतःच्या पायांवर उभा राहिला तो मात्र 1739 नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजी अमलात पाद्रुआदो आणि प्रोपागंडा यांच्या अधिकारकक्षांचा वाद पुष्कळ वर्षे चालला. वसईची चर्चे 1886 पासून दमण धर्मप्रांतात होती, 1928 मध्ये ती मुंबईकडे आली आणि 1998 साली स्वतंत्र वसई धर्मप्रांत झाला. पण यापेक्षा महत्त्वाचे वळण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादर स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापून (1616) साडेतीन शतके लोटली, तेव्हा कुठे वेदीवर मराठी आली. त्याच मराठीत पुढे फादर दिब्रिटोंनी 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ चालवले आणि ‘सुबोध बायबल’ लिहिले.