मूल–मूळ लेखनसंभ्रम

हा लेख मराठी लेखनातील एका शब्दसंभ्रमाविषयी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील शहराच्या माहितीसाठी पहा: मूल (शहर).

मूल–मूळ लेखनसंभ्रम म्हणजे आंतरजालावरील मराठी मजकुरात ‘मूल’, ‘मुल’, ‘मूळ’ आणि ‘मुळ’ या रूपांची होणारी अदलाबदल होय. ऱ्हस्व-दीर्घाचा आणि ल-ळ यांचा असे दोन गोंधळ येथे एकत्र येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल हे शहर व तालुका यांच्या नावाला या संभ्रमाची सर्वाधिक झळ बसते. मराठीतील इतर अनेक सामान्य लेखनचुकांची कारणेही याच शब्दात पाहावयास मिळतात.

शब्द आणि त्यांचे अर्थ

‘मूल’ या अक्षरांना मराठीत तीन निरनिराळे उपयोग आहेत. पहिला अर्थ अपत्य. त्याची रूपे मुलाला, मुलांचे, मुले अशी होतात. दुसरा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असून त्याचा अर्थ मूळ किंवा पाया असा आहे; तो बहुधा जोडशब्दांत आढळतो, जसे मूलभूत, मूलगामी, मूलद्रव्य, निर्मूलन, आमूलाग्र. तिसरे हे गावाचे नाव. यांखेरीज ‘मूळ’ हा मराठी शब्द झाडाच्या मुळासाठी आणि ‘आरंभीचा’ या अर्थाच्या विशेषणासाठी वापरला जातो. ‘ते मूळचे मूलचे’ या वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी आहेत. त्यांची अदलाबदल केल्यास वाक्य निरर्थक ठरते.

लेखननियम

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांनुसार मराठी अकारान्त शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार किंवा उकार दीर्घ लिहावयाचा असतो: मूल, मूळ, फूल, तीळ, खीर. सामान्यरूपात मात्र तोच ऱ्हस्व होतो: मुलाला, मुळाशी, फुलाचा, तिळाचे. म्हणून ‘मूळ’ दीर्घ, पण ‘मुळात’ आणि ‘त्यामुळे’ ऱ्हस्व. ‘मूळात’ व ‘त्यामूळे’ ही चुकीची रूपे मूळ शब्दातील दीर्घ ऊकार पुढे ओढत नेल्याने तयार होतात.

तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही. ते संस्कृतातील रूप राखतात, म्हणून गुण, विष, अरुण यांत ऱ्हस्व, तर शरीर, शरीरात यांत दोन्हीकडे दीर्घ. ‘मुलभूत’ ही आज सर्वत्र दिसणारी चूक येथूनच उद्भवते. ‘मुलगा’, ‘मुलांना’ असे ऱ्हस्व मु नित्य लिहिण्याची सवय हाताला असते, आणि ‘मूलभूत’मधील मूल हा वेगळा शब्द आहे हे लक्षात येत नाही. ‘मूल्य’, ‘अमूल्य’, ‘मूल्यमापन’ यांचेही असेच होते.

ग्रामनामांतील ‘पूर’ दीर्घ लिहिण्याचा स्वतंत्र नियम आहे: चंद्रपूर, नागपूर, बल्लारपूर. मात्र चंद्रपुरात, नागपुरात. ‘चंद्रपुर’ हे ऱ्हस्व रूप हिंदीतील आहे. मूल या ग्रामनामाचे सामान्यरूप करण्याची पद्धत नसल्याने मूलला, मूलहून, मूलमध्ये असेच लिहिले जाते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्याच्या नावात मात्र मु ऱ्हस्व आहे. दोन्ही नावे एकाच मजकुरात आली की एकाचा उकार दुसऱ्याला लागलेला दिसतो.

टंकनपद्धतीचा परिणाम

चुकांचे सर्वांत मोठे कारण अज्ञान हे नसून लेखनाचे साधन आहे. भ्रमणध्वनीवर अनेक जण रोमन अक्षरे टंकित करून त्यांतून देवनागरी शब्द निवडतात. रोमन लिपीच्या नेहमीच्या वापरात ल आणि ळ, न आणि ण, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ यांत भेद केला जात नाही. त्यामुळे एम, यू, एल या तीन अक्षरांपुढे मूल, मुल, मूळ, मुळ असे पर्याय येतात आणि घाईत पहिला निवडला जातो. शब्द तपासणारी आज्ञावलीही येथे उपयोगी पडत नाही. ‘मूळ’च्या जागी ‘मूल’ आले तरी तो शब्द कोशात असतोच, म्हणून त्याखाली लाल रेघ उमटत नाही.

‘ऱ’ या चिन्हाची अडचण वेगळी आहे. ते अनेक कळफलकांवर सहज सापडत नाही, म्हणून ‘अधिकाऱ्यांनी’ऐवजी ‘अधिकार्यांनी’ असे लिहिले जाते. बहुतेक ठिकाणी वाचक ते सावरून घेतो; परंतु दऱ्या आणि दर्या (समुद्र) किंवा आचाऱ्यांना आणि आचार्यांना या जोड्यांत त्याने स्वयंपाक्यांचे गुरुजन होतात.

हिंदी आणि झाडीबोली

हिंदीत ‘मूल’ म्हणजे ‘मूळचा’. त्यामुळे मूल शहराविषयीचा हिंदी मजकूर यंत्राने मराठीत आणला असता गावाचे नाव ‘मूळ शहर’ होऊन बसते, आणि ‘मूल निवासी’ हे मूलचे रहिवासी की आदिनिवासी हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. ‘की’ हे अव्यय ऱ्हस्व लिहिणे हाही हिंदीचाच प्रभाव होय. याउलट ‘आणि’ मराठीत ऱ्हस्वान्त असूनही ‘आणी’ असे लिहिले जाते. कारण अन्त्य इकार दीर्घ लिहिण्याच्या नियमाला तो अपवाद आहे.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या भागांत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ण ऐवजी न उच्चारला जातो (पाणी – पानी) आणि ळ च्या जागी बहुधा र येतो. हे उच्चार बोलीचे स्वरूप आहेत, चूक नव्हेत. झाडीबोलीतील साहित्य ते तसेच लिहिते. प्रमाणभाषेत लिहिताना मात्र मन व मण (वजन), वन व वण (व्रणाची खूण) अशा जोड्यांत अर्थ बदलतो. आपल्या उच्चारात जो भेदच नाही तो लेखनात पाळण्यासाठी येथील विद्यार्थ्याला प्रत्येक शब्द पाठ करावा लागतो. पुण्याच्या विद्यार्थ्यावर न-ण यांच्या बाबतीत हा भार नसतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तो दोघांवर सारखाच आहे.

इतर नित्य आढळणाऱ्या चुका

‘महिला दीन’, ‘शिक्षक दीन’ या शुभेच्छा दरवर्षी दिसतात. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. शिर (मस्तक) आणि शीर (रक्तवाहिनी) यांचेही तसेच. श्रद्धांजली, प्रसिद्ध, शुद्ध यांत द नंतर ध येतो, तरी ‘श्रध्दांजली’ रूढ होऊ पाहते. ब्रह्मपुरी तालुक्याचे नाव उच्चाराप्रमाणे ‘ब्रम्हपुरी’ असे लिहिलेले आढळते. मूळ धातूत व असेल तर ‘वून’ लागतो (ठेवून, धावून), नसेल तर ‘ऊन’ (जाऊन, होऊन). ‘ठेऊन’ हे रूप त्यामुळे अशुद्ध ठरते. अनावरण पुतळ्याचे वा फलकाचे असते, पुस्तकाचे होते ते प्रकाशन.

विशेषनामे आणि नोंदी

सामान्य शब्दातील चूक वाचक सुधारून वाचतो. नावातील चूक नोंद हरवते. ‘मुल’ या नावाने शोधणाऱ्यास ‘मूल’ या शीर्षकाचा लेख मिळेलच असे नाही, आणि मग त्याच विषयावर दुसरा लेख तयार होतो. मुक्त ज्ञानकोशांत यावर पुनर्निर्देशनाचा उपाय करतात. आडनावांतही हाच प्रकार दिसतो. देवेंद्र फडणवीस यांच्या कुटुंबाचे मूळ गाव मूल. हे आडनाव फारसी ‘फर्द’ (यादी) आणि ‘नवीस’ (लिहिणारा) यांपासून आले आहे. त्यातील वी दीर्घ असून ‘फडणविस’, ‘फडनवीस’ ही रूपे चुकीची आहेत. त्याच ‘नवीस’पासून झालेल्या चिटणीसमध्ये ण, तर पारसनीसमध्ये न रूढ आहे, येथे नियम चालत नाही, ज्याचे आडनाव त्याचे लेखन प्रमाण.

शासकीय यादीत एका अक्षराचे मोल किती असू शकते हे महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘ओरॉन, धनगड’ या नोंदीवरून दिसते. ‘धनगड’ हे ‘धनगर’चेच चुकीचे लेखन आहे, असा दावा धनगर समाजाच्या वतीने अनेक वर्षे केला जात आहे. धनगर आणि धनगड एकच आहेत ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमान्य केली व त्यासंबंधीच्या याचिका फेटाळल्या.