गोल्फ : हौशी खेळाडूची साधने, सराव आणि शिस्त

नाशिककरांच्या बोलण्यात 'गोल्फ क्लब' हा शब्द रोज येतो. मात्र तो खेळासाठी नव्हे, तर मैदानासाठी. कलेक्टर जॅक्सनचा २१ डिसेंबर १९०९ रोजी वध करणाऱ्या हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव या मैदानाला दिले गेले, तरी जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. येथे रणजी करंडकाचे सामने झाले, मोठमोठ्या सभा झाल्या, सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणाऱ्यांची येथे वर्दळ असते. गोल्फ मात्र केवळ नावापुरता उरला आहे.

या खेळाविषयीचे कुतूहल मात्र वाढते आहे. ११२ वर्षांच्या खंडानंतर २०१६ मध्ये गोल्फ ऑलिम्पिकमध्ये परतला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत भारताची अदिती अशोक चौथी आली, तेव्हा गोल्फचा क्लब कधी हातातही न धरलेल्या अनेकांनी पहाटे उठून तिचा खेळ पाहिला. त्यातील काहींना आपणही खेळून पाहावे असे वाटले असेल, तर नवल नाही. अशा नवोदिताचे लक्ष सहसा प्रथम साधनांकडे जाते, मग सरावाकडे आणि सर्वांत शेवटी मैदानावरील शिष्टाचाराकडे. वस्तुतः हा क्रम उलटा असायला हवा. कारण गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच जवळ नसतो. खेळाडूची शिस्त हाच तेथील पंच असतो.

खेळाची मांडणी

गोल्फच्या उपलब्ध नियमांपैकी सर्वांत जुने नियम १७४४ मध्ये एडिनबरोजवळील लीथ येथे लिहिले गेले. ते केवळ तेरा होते. पुढे सेंट अँड्रयूज येथील मैदानावरून अठरा होलची पद्धत रूढ झाली. भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब मानला जातो. महाराष्ट्रात चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मधील आहे, तर पुण्याचे मैदान येरवड्यात आहे.

प्रत्येक होलची सुरुवात 'टी'वरून होते. मधली नीट कापलेली हिरवळ म्हणजे 'फेअरवे', कडेचे वाढलेले गवत म्हणजे 'रफ', वाळूचा खड्डा म्हणजे 'बंकर' आणि अगदी बारीक कापलेल्या गवताचा अखेरचा पट्टा म्हणजे 'ग्रीन'. ग्रीनवरील होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. निष्णात खेळाडूला एका होलसाठी जितके फटके अपेक्षित असतात, त्या संख्येला 'पार' म्हणतात. बहुतेक होल तीन, चार किंवा पाच पारचे असतात आणि पूर्ण मैदानाचा पार बहुधा ७२ च्या आसपास असतो.

हौशी खेळाडूसाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'हँडिकॅप'. खेळाडूच्या आधीच्या फेऱ्यांवरून त्याची कुवत आकड्यात मांडली जाते आणि तिच्या प्रमाणात त्याला फटक्यांची सवलत मिळते. त्यामुळे साठीचे गृहस्थ आणि विशीतला नातू एकाच सामन्यात बरोबरीने उतरू शकतात. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू करण्यात आली असून तिची कमाल मर्यादा ५४ आहे. अर्थात, खेळाडूंनी आपले गुणपत्रक प्रामाणिकपणे भरले, तरच या सगळ्या हिशेबाला अर्थ उरतो.

साधने : किती आणि कोणती

नियमानुसार फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. ही मर्यादा मोडली, तर काय होते हे इयान वूस्नम याने २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये अनुभवले. अखेरच्या दिवशी पहिल्या होलवर पारपेक्षा एक फटका कमी घेऊन तो दुसऱ्या टीवर आला, तेव्हा पिशवीत पंधरावा क्लब असल्याचे कॅडीच्या लक्षात आले. सरावासाठी घेतलेला जादा ड्रायव्हर काढायचा राहून गेला होता. दोन फटक्यांचा दंड झाला आणि विजेतेपदाची संधी निसटली.

नवोदिताला मात्र चौदा क्लबांची गरजच नसते. लांब फटक्यासाठी एक वूड किंवा हायब्रिड, मधल्या अंतरांसाठी तीन-चार आयर्न, ग्रीनजवळच्या आणि वाळूतल्या फटक्यांसाठी दोन वेज आणि एक पटर एवढा अर्धा संच पहिल्या वर्षासाठी पुरेसा होतो. ड्रायव्हर दिसायला आकर्षक असतो. परंतु त्याची दांडी लांब आणि तोंड कमी तिरके असल्यामुळे चेंडू भरकटण्याची शक्यताही त्यातच अधिक असते. तो नंतर घेतला तरी चालतो.

वापरलेला संच विकत घेण्यात कमीपणा नाही. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. दांडी वाकलेली किंवा गंजलेली नसावी, लांबी आपल्या उंचीला जुळणारी असावी आणि मुठीवरचे रबर गुळगुळीत झालेले नसावे. रबर निसटू लागले की, खेळाडू मूठ आवळतो, मूठ आवळली की खांदे ताठरतात आणि फटका बिघडतो. जुन्या संचाचे रबर बदलून घेणे हा नवा ड्रायव्हर घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा खर्च आहे.

चेंडूबाबतही तेच. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे. महाग चेंडूंचे मऊ आवरण ग्रीनजवळ चांगली फिरकी देते. पण दर फेरीत पाच-सहा चेंडू झुडपात किंवा पाण्यात घालवणाऱ्याला त्याचा काहीच फायदा नाही. साधा, दोन थरांचा टिकाऊ चेंडू त्याच्यासाठी योग्य ठरतो. शिवाय चेंडूवर शाईने स्वतःची खूण करावी. दोघांचे चेंडू एकाच जातीचे निघाले आणि चुकून दुसऱ्याचा मारला, तर दंड होतो.

सराव : फटक्यांचा हिशेब

पार ७२ च्या मैदानाच्या गणितात दर होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात. म्हणजे १८ होलचे ३६. एकूण फटक्यांच्या निम्मे! तरीही बहुतेक हौशी खेळाडू सरावाचा सारा वेळ ड्रायव्हर घेऊन लांब फटके मारण्यात घालवतात. सरावाचा निदान अर्धा वेळ पटर आणि ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांना दिला, तर गुणपत्रकात फरक लवकर दिसतो. पटरचा सराव घरातील सतरंजीवरही होतो. एक मीटर अंतरावर पेला आडवा ठेवून सलग दहा चेंडू आत घालण्याचा प्रयत्न करावा. नववा चुकला की, पुन्हा पहिल्यापासून. मनावरचा ताण पेलण्याची सवय यातूनच लागते.

लांब फटक्यांच्या सरावात चेंडूंची टोपली रिकामी करणे हे उद्दिष्ट नसावे. प्रत्येक चेंडूला निश्चित लक्ष्य ठरवावे, पावले त्या दिशेला समांतर आहेत ना हे पाहावे आणि मगच फटका मारावा. पन्नास विचारपूर्वक मारलेले चेंडू हे घाईने मारलेल्या दोनशेंपेक्षा अधिक शिकवतात. मूठ, उभे राहण्याची पद्धत आणि स्विंगची लय या तीन गोष्टी मात्र सुरुवातीलाच जाणकार प्रशिक्षकाकडून शिकून घ्याव्यात. एकदा अंगवळणी पडलेली चुकीची मूठ सुटायला फार काळ लागतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. शहरातील मोकळ्या मैदानावर, मग त्याच्या नावात गोल्फ असला तरी, खऱ्या चेंडूने सराव करू नये. साधारण हौशी खेळाडूच्या जोरदार फटक्यानेही हा टणक चेंडू ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटू शकतो. फेरी मारणाऱ्या माणसाच्या डोळ्याला तो लागला, तर डोळा जाऊ शकतो. अशा ठिकाणी स्पंजचे किंवा सच्छिद्र प्लॅस्टिकचे चेंडूच वापरावेत आणि तेही गर्दी नसताना.

ऋतूनुसार नियम

नाशिक परिसरातील हवामान तीन ऋतूंत तीन प्रकारचा खेळ खेळायला लावते. हिवाळ्यातील सकाळी ग्रीनवर दाट दव असते आणि चेंडू सावकाश घरंगळतो. पडलेली पाने दूर करता येतात; दव मात्र चेंडूच्या मार्गातून पुसता येत नाही. अपवाद फक्त टीच्या जागेचा. उन्हाळ्यात जमीन कडक होते, चेंडू पडल्यावर बराच पुढे जातो. म्हणून तो ग्रीनच्या अलीकडेच टाकावा लागतो. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत चेंडू रुततो. स्वतःच्या फटक्याने चेंडू फेअरवे किंवा रफमध्ये असा रुतला, तर तो उचलून, पुसून, दंडाशिवाय जवळच टाकता येतो. २०१९ पासून चेंडू खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असतो. साचलेल्या पाण्यातूनही अशीच सवलत मिळते. विजांचा धोका वाटल्यास कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता खेळ थांबवण्याची मुभा नियमांनीच दिली आहे. एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

मैदानावरील शिष्टाचार

शिष्टाचाराचा पहिला नियम सुरक्षिततेचा. पुढचा गट आपल्या फटक्याच्या टप्प्याबाहेर जाईपर्यंत चेंडू मारू नये. चेंडू कोणाच्या दिशेने गेलाच, तर संकोच न करता 'फोर!' अशी मोठ्याने हाक द्यावी. दुसरा फटका मारत असताना हालचाल करू नये, बोलू नये, त्याच्या रेषेवर आपली सावली पडू देऊ नये आणि भ्रमणध्वनी बंद ठेवावा.

दुसरा नियम वेळेचा. आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा, अशी नियमांची शिफारस आहे. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात. मागचा गट खोळंबला असेल आणि पुढे जागा मोकळी असेल, तर त्याला पुढे जाऊ द्यावे. संथ खेळणे हा दोष नाही. इतरांना ताटकळत ठेवणे हा आहे.

तिसरा नियम मैदानाच्या निगेचा. फटक्याने उखडलेला गवताचा तुकडा जागेवर बसवून पायाने दाबावा किंवा तेथे वाळू भरावी. बंकरमधून बाहेर पडताना आपल्या पावलांच्या खुणा दाताळ्याने पुसाव्यात. ग्रीनवर चेंडू पडून झालेला खळगा लगेच दुरुस्त करावा. तो करताना मधली माती वर उचकटू नये, कारण त्यामुळे मुळे तुटतात; कडेचे गवत मध्याकडे ढकलून वरून पटरने हलके थोपटावे. वेळीच दुरुस्त केलेला खळगा लवकर भरून येतो. तसाच सोडला, तर तेथील गवत मरते आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाचा चेंडू त्यावर उडतो.

चौथा नियम माणसांचा. कॅडी हा केवळ पिशवी वाहणारा नसतो. ग्रीनचा उतार आणि वाऱ्याचा कल त्याला खेळाडूपेक्षा अधिक ठाऊक असतो. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा कॅडी म्हणून काम करत करतच वर आला. कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया याने २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकली. आपल्या चुकलेल्या फटक्याचा राग कॅडीवर काढणाऱ्याला हा खेळ कळलेला नाही, असे खुशाल समजावे.

स्वतःच स्वतःचा पंच

फेरी संपल्यावर गुणपत्रकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी प्रत्येक होलचा आकडा तपासणे हे खेळाडूचेच काम असते. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्टो डी विचेन्झो याने सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. गुण मांडणाऱ्या सहकाऱ्याने चार लिहिले. ते न पाहता त्याने स्वाक्षरी केली. नियमानुसार चारच धरले गेले आणि बॉब गोल्बीबरोबर बरोबरीत खेळण्याची संधी हुकली.

याहून बोलके उदाहरण बॉबी जोन्स या आजन्म हौशी राहिलेल्या खेळाडूचे आहे. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये रफमध्ये चेंडूमागे क्लब टेकवताना चेंडू किंचित हलल्याचे त्याने पाहिले. इतर कोणीही ते पाहिले नव्हते. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला आणि त्याने स्वतःला एका फटक्याचा दंड लावून घेतला. त्या एका फटक्यामुळे स्पर्धा बरोबरीत राहिली आणि फेरसामन्यात तो विली मॅकफार्लेनकडून हरला. त्याबद्दल कोणी कौतुक केले, तर ते त्याला आवडत नसे.

पैसे आणि वेळ दोन्ही मोजके असलेल्या नवोदिताने म्हणूनच आधी नियमांची आणि शिष्टाचारांची ओळख करून घ्यावी, मग दोन-तीन महिने प्रशिक्षकाकडे उसन्या क्लबांवर शिकावे आणि खेळाची गोडी टिकली, तरच अर्धा संच घ्यावा. मुंबई-पुण्याच्या क्लबात पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला, तर तेथील पोशाखाचे आणि वेळेचे नियम आधी विचारून घ्यावेत. नवोदिताचा चेंडू कुठे गेला, हे यजमान विसरून जातात; त्याने बंकर सारखा केला की नाही आणि आपले फटके नीट मोजले की नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात राहते.