पत्त्यातील शब्द : एका नामकरणाचा इतिहास

ग्रंथाचे नाव वाचकासाठी असते आणि त्याच्या पाठीवरचा क्रमांक ग्रंथालयातील कपाटासाठी, ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी वेगळा विचार करण्याचे कारण सहसा पडत नाही. नाव अर्थ सांगते, क्रमांक जागा सांगतो. आंतरजालावरील पत्त्याने मात्र ही दोन्ही कामे एकाच ओळीवर सोपवली. आणि पुढे त्या ओळीवर हक्क सांगणारा तिसरा वाचक आला, तो म्हणजे शोधयंत्र. शोधयंत्राच्या यादीत वर यावे म्हणून पत्त्यात कळीचे शब्द घालण्याची प्रथा वरकरणी निव्वळ तांत्रिक, किंबहुना व्यापारी वाटते. परंतु नाव कोणी ठेवायचे, कोणासाठी आणि कोणत्या लिपीत, हे प्रश्न तिच्यात गुंतलेले आहेत. त्यामुळे साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे पाहणे अस्थानी ठरू नये.

या इतिहासाचा आरंभ मानवी स्मरणशक्तीच्या सोयीतून होतो. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यातील संगणकांची नावे प्रारंभी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेल्या एकाच यादीत नोंदवली जात. ही यादी आवाक्याबाहेर जाऊ लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी 'डोमेन नेम सिस्टिम' ही विकेंद्रित नामव्यवस्था मांडली. १५ मार्च १९८५ रोजी 'डॉट कॉम' या विभागात पहिली नोंद झाली ती 'सिम्बॉलिक्स' या संगणक कंपनीची. ते नाव धन्याचे होते, मालाचे नव्हे.

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये पत्त्यांविषयी एक छोटा निबंध लिहिला. चांगला पत्ता तो, जो बदलत नाही, हे त्याचे सूत्र. पत्त्यात लेखकाचे नाव, मजकुराची स्थिती, वापरलेल्या साधनाची खूण यांपैकी काही घालू नये, असे ते सांगतात. आणि विशेष म्हणजे विषयही घालू नये, असा त्यांचा इशारा आहे. विषयांचे वर्गीकरण त्या त्या काळाच्या समजुतीवर उभे असते आणि ते बदलले की पत्ता खोटा पडतो. निर्मितीची तारीख मात्र बदलत नाही. वाङ्मयेतिहासात कालखंडांची आणि प्रवाहांची नावे किती वेळा बदलली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या युक्तिवादाचे बळ वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली, हा योगायोग लक्षणीय आहे. शोधयंत्रे जसजशी वाचक आणि मजकूर यांच्यामधील मुख्य दार बनली, तसतसा बर्नर्स-ली यांच्या सल्ल्याच्या नेमका उलटा सल्ला रूढ झाला : विषय पत्त्यातच लिहा. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बातमीला छपाईपूर्वी कामापुरते जे छोटे नाव देत, त्याला 'स्लग' म्हणत. मूळ शब्द छापखान्यातील शिशाच्या पट्टीचा. हा शब्द आता पत्त्याच्या शेवटच्या तुकड्याला चिकटला. शब्दांमध्ये संयोगरेषा द्यावी, अधोरेषा देऊ नये, कारण संयोगरेषेमुळे गूगलचे यंत्र शब्द सुटे वाचते, इथपर्यंत नियम बारीक झाले. सामान्यनामांचा बाजार तर त्याआधीच भरला होता : १९९९ मध्ये 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव ७५ लाख डॉलरांना विकले गेले. पुढे लोक ज्या शब्दांनी शोध घेतात तेच जसेच्या तसे संकेतस्थळाचे नाव म्हणून घेण्याची लाट आली. विशेषनामाची जागा सामान्यनामाने घेतली. नाव ओळख न राहता आमिष झाले.

ही लाट ओसरलीही यंत्राच्याच निर्णयाने. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने आपल्या गणितात बदल करून, केवळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या निकृष्ट स्थळांना खाली ढकलले. आज गूगलचे स्वतःचे मार्गदर्शनच सांगते की पत्त्यातील शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. वाचकाला समजेल असा पत्ता असावा, एवढेच पुरे.

इंग्रजीपुरता हा इतिहास येथे संपला असता. मराठीच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे. पत्त्याचे मूळ नियम रोमन अक्षरे गृहीत धरून बनलेले. देवनागरीतील एकेक चिन्ह पत्त्यात जाताना टक्केचिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे यांच्या नऊ खुणांत फुटते. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे. पत्त्यात त्यांच्या पंचेचाळीस खुणा होतात. वर्डप्रेस या प्रणालीत पत्त्यातील नावाला दोनशे खुणांची मर्यादा असल्याने बाविसेक चिन्हांनंतर मराठी शीर्षक मध्येच तुटते. ब्लॉगर या सेवेवर तर याहून विचित्र प्रकार होता. तेथे शीर्षकातील रोमन अक्षरे वेचून पत्ता बने. शीर्षक पूर्णपणे देवनागरीत असेल तर वेचायला काही उरतच नसे. मग पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच शब्द आणि फार तर एखादा आकडा येई. त्या काळातील कितीतरी मराठी कविता, परीक्षणे आणि टिपणे आंतरजालावर या एकाच निनावी नावाने नांदत आहेत.

यावर तोडगा म्हणून रोमन लिपीतील पत्ते रूढ झाले. पण लिप्यंतर निष्पाप नसते. 'ज्ञानेश्वरी' रोमनमध्ये लिहिताना 'ज्ञ'साठी मराठी उच्चाराप्रमाणे 'डी-एन' घ्यावे, हिंदीप्रमाणे 'जी-वाय', की संस्कृताभ्यासकांप्रमाणे 'जे-एन'? प्रत्येक पर्याय वेगळा वाचकवर्ग गृहीत धरतो. 'ळ'ची तर सोयच नाही; 'काळ' आणि 'काल' रोमन पत्त्यात एक होतात. कळीचा शब्द निवडणे म्हणजे येथे उच्चारपरंपरा निवडणे आहे, आणि ती निवड बहुधा नकळत होते.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची उकल होईपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकांना अनोळखी राहिले. तो संकेत पंथाने स्वेच्छेने स्वीकारलेला होता. टक्केचिन्हांची लिपी मराठीने निवडलेली नाही. अर्थात परिस्थिती स्थिर राहिलेली नाही. देवनागरीतील 'डॉट भारत' हा विभाग २०१४ मध्ये खुला झाला; २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने लेखांची शीर्षके पत्त्यातही देवनागरीतच ठेवली आहेत; आणि वाचकांच्या भाषेतील शब्द पत्त्यात वापरण्यास गूगलही आता प्रोत्साहनच देते.

याचा अर्थ असा की रोमन पत्त्याच्या बाजूने दिला जाणारा शोधयंत्राचा दाखला आता टिकत नाही. उरतो तो सोयीचा प्रश्न, आणि तो खराच आहे : प्रबंधाच्या तळटीपेत चार ओळींची टक्केचिन्हे कोणाला नको असतात. त्यावर उपाय मात्र संपादकाच्या हाती आहेत. शीर्षक लांब असले तरी पत्त्यातील नाव दोन-तीन शब्दांचे ठेवता येते. रोमन घ्यायचेच तर एकच लिप्यंतरपद्धती नेमाने पाळता येते. आणि एकदा दिलेले नाव बदलायचे नाही, हा बर्नर्स-ली यांचा जुना नियम तर आजही विनामूल्य उपलब्ध आहे. यंत्राला काय रुचते हे दर काही वर्षांनी बदलत आले आहे. तळटीपेतील दुवा उघडणाऱ्या विद्यार्थ्याची अपेक्षा मात्र तीच आहे : जे नाव दिले त्या नावाखाली तोच मजकूर मिळावा.