कानामागून आलेली वाचा : स्पीच थेरपीचा इतिहास आणि करिअरचे फायदे-तोटे

बारावीचा आणि नीटचा निकाल लागला की ओपीडीत एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, एमबीबीएसचं काही जमत नाही. मुलीने बीएएसएलपी केलं तर कसं?" विचारणारे बहुतेक जण भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कंपन्यांत नोकरी करणारे असतात. पुढचा प्रश्न अर्थातच पगाराचा. त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. या व्यवसायाचे फायदे आणि तोटे तो जसा जन्मला त्यातूनच आले आहेत, म्हणून आज थोडा इतिहास बघू.

बीएएसएलपी म्हणजे बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. इंटर्नशिपसह चार वर्षांचा कोर्स. नावातच दोन कामं आहेत. एक, ऐकू किती येतं ते तपासणं आणि श्रवणयंत्र बसवणं. दुसरं, उच्चार, भाषा, आवाज, तोतरेपणा आणि गिळण्याच्या त्रासावर उपचार करणं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, कारण त्यांचा उगमच वेगळा.

बोलण्यावर उपचार करणारे सुरुवातीचे अनेक लोक डॉक्टर नव्हते. १९२६ मध्ये इंग्लंडच्या ड्यूक ऑफ यॉर्कवर (पुढे सहावा जॉर्ज) उपचार सुरू करणारा लायोनेल लोग हा ऑस्ट्रेलियाहून आलेला भाषणकलेचा शिक्षक होता, वैद्यकीय पदवी त्याच्याकडे नव्हती. अमेरिकेत हे शास्त्र उभं करणारे वेंडेल जॉन्सन आणि चार्ल्स व्हॅन रायपर स्वतःच अडखळत बोलणारे होते. कानाची बाजू मात्र लष्करी रुग्णालयांतून आली. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि स्फोटांनी कान गेलेले हजारो सैनिक परतले, त्यांना तपासून यंत्र देण्याची व्यवस्था करावी लागली, आणि ऑडिओलॉजी हा स्वतंत्र विषय झाला.

भारतात हे दोन्ही एकदमच आले. ऑगस्ट १९६५ मध्ये म्हैसूरला केंद्र सरकारची संस्था सुरू झाली, आजची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. पाठोपाठ १९६६ मध्ये मुंबईत महापालिकेच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं शिक्षण सुरू झालं. महापालिकेच्या रुग्णालयाने त्या काळात हे धाडस केलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. तिच्या मूळ नावात 'हिअरिंग हँडिकॅप्ड' होतं, म्हणजे पुन्हा कानच पुढे. १९९५ च्या अपंग कायद्यातही श्रवणदोष होता, वाचादोष नव्हता. वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वाला कायद्यात स्वतःची जागा मिळाली ती २०१६ मध्ये, २१ प्रकारांच्या यादीत.

हा क्रम करिअरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकाच पदवीत दोन्ही आल्यामुळे आपल्या मुलांना दोन दारं उघडी असतात आणि बेकारी क्वचितच वाट्याला येते. पण दोन्ही दारांतला व्यवहार सारखा नाही. कानाच्या बाजूला यंत्र आहे आणि यंत्राला किंमत आहे. वाचेच्या बाजूला फक्त वेळ आहे. पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या माणसाला 'पाणी' हा शब्द परत मिळवून द्यायला कधीकधी कित्येक आठवडे लागतात, आणि थेरपिस्टला पैसे मिळतात ते तासाचे. दिवसात सात-आठ पेशंटच्या पुढे कुणी चांगलं काम करू शकत नाही. म्हणून वाचेची आवड घेऊन आलेली मुलंसुद्धा दोन-तीन वर्षांत श्रवणयंत्रांच्या दुकानाकडे वळतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

आपल्या पट्ट्यात कानाचं काम भरपूर आहे हेही खरं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, आणि मग प्रेस शॉप, फोर्जिंग, ग्राइंडिंग चाकणपर्यंत पसरलं. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे कामगारांच्या श्रवण तपासण्या होतात. हा बहिरेपणा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. स, श, फ असे व्यंजनांचे आवाज पुसट होतात आणि माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." हा आलेख वाचता येणारा माणूस इथे उपाशी राहणार नाही.

वाचेची गरज मात्र त्याहून मोठी आहे आणि माणसं कमी. चाकण, म्हाळुंगे भागात घरात हिंदी किंवा भोजपुरी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी असं वाढणारं मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तेव्हा "भाषा जास्त झाल्या" असं सांगून थांबवलं जातं. जास्त भाषांमुळे वाचादोष होत नाही. आधी कान तपासायचे असतात आणि मग भाषा. केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटला मदत मिळते, पण शस्त्रक्रियेनंतर नियमित थेरपी झाली नाही तर ते यंत्र कानात नुसता आवाज घालतं, शब्द नाही. शिफ्टमध्ये काम करणारे आईबाप आठवड्यातून दोनदा पुण्याला जाणार कसे? कितीतरी मुलं इथेच सुटतात.

मराठी येणं हा इथे खरा फायदा आहे, हे फार कमी विद्यार्थ्यांना सांगितलं जातं. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च वेगळे आहेत. हिंदी किंवा इंग्रजी चित्रांच्या चाचणीत हा फरक सापडत नाही आणि ळ तर नसतोच. बाळाला 'बाल' म्हणणारं मूल कोणत्या वयापर्यंत नॉर्मल, हे मराठी ऐकत वाढलेल्या थेरपिस्टला चटकन कळतं. हेच कौशल्य परदेशात नेता येत नाही, तरी मास्टर्सनंतर बाहेर जाणारे खूप आहेत. ऑडिओग्रामला भाषा नसते, त्यामुळे त्यांतल्या ऑडिओलॉजीवाल्यांना तो त्रास कमी.

आणखी एक तोटा कायद्यातला. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने नोंदणी सक्तीची केली. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजच्या काळात एक हजार! त्यामुळे महिन्याभराचा कोर्स करून 'स्पीच सेंटर'ची पाटी लावणारे शेजारीच बसतात आणि चार वर्षं शिकलेल्या मुलीला त्यांच्या फीशी स्पर्धा करावी लागते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या केंद्रांसाठी अशी पदं निघाली, पण ती बहुतेक कंत्राटी.

प्रवेश घ्यायचाच असेल तर महाविद्यालयाला त्या वर्षाची पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का ते परिषदेच्या वेबसाइटवर बघा. मग तिथल्या क्लिनिकमध्ये जाऊन विचारा, दिवसाला श्रवणाचे पेशंट किती आणि वाचेचे किती, आणि त्यांतले मराठी बोलणारे किती. मुलीला एक पूर्ण सकाळ थेरपीच्या खोलीत बसू द्या. अर्ध्या तासात तिने घड्याळाकडे किती वेळा बघितलं, ते घरी परतताना तिलाच विचारा.