फॅक्टर १३ची कमतरता

फॅक्टर १३ची कमतरता हा रक्त गोठण्याच्या प्रक्रियेशी संबंधित एक अतिशय दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे. त्याचे तीव्र स्वरूप सुमारे २० लाख व्यक्तींमागे एका व्यक्तीत आढळते. या विकाराची पहिली नोंद १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली.

कारण

जखमेवर तयार झालेल्या गुठळीतील फायब्रिनचे तंतू एकमेकांशी पक्के जोडण्याचे काम फॅक्टर १३ करतो. तो नसल्यास गुठळी वेळेवर तयार होते, परंतु कमकुवत राहून लवकर विरघळते. त्यामुळे सुरुवातीला थांबलेला रक्तस्राव काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होऊ शकतो. सदोष जनुक माता व पिता या दोघांकडून आल्यास तीव्र विकार होतो. म्हणून हिमोफिलियाप्रमाणे तो प्रामुख्याने पुरुषांत न आढळता स्त्री-पुरुषांत सारखाच आढळतो. नात्यातील विवाहांमुळे त्याची शक्यता वाढते.

गंभीर गुंतागुंती

नवजात बालकाच्या नाळेच्या देठातून होणारा रक्तस्राव हे बहुधा पहिले लक्षण असते. मेंदूतील रक्तस्राव ही सर्वांत घातक गुंतागुंत असून तीव्र कमतरता असलेल्या सुमारे ३० टक्के रुग्णांत ती आढळते. किरकोळ मार लागूनही किंवा कोणत्याही दुखापतीविना असा रक्तस्राव होऊ शकतो. उपचार न मिळालेल्या स्त्रियांमध्ये वारंवार गर्भपात होतात. जखमा उशिरा भरणे हेही एक लक्षण आहे.

निदान

रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजणाऱ्या नेहमीच्या चाचण्यांत काहीच दोष दिसत नाही. कारण त्या गुठळी तयार होण्याचा वेळ मोजतात, तिची बळकटी नव्हे. त्यामुळे निदान हुकण्याचा धोका असतो. युरियाच्या द्रावणात गुठळी विरघळते का, हे पाहण्याची पद्धत जुनी आहे. परंतु तिच्यात केवळ तीव्र कमतरता लक्षात येते. खात्रीसाठी फॅक्टर १३ची क्रियाशीलता मोजावी लागते.

उपचार

शरीरात दिलेला फॅक्टर १३ दीर्घकाळ टिकतो; त्याचे अर्धायुष्य साधारण ९ ते १४ दिवस असते. म्हणून सुमारे दर चार आठवड्यांनी संहत फॅक्टर १३ शिरेतून देऊन रक्तस्राव टाळता येतो. तो उपलब्ध नसल्यास क्रायोप्रेसिपिटेट किंवा गोठवलेला ताजा रक्तद्रव वापरतात. गर्भधारणेच्या काळात हा उपचार सुरू ठेवल्यास गर्भ टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वेळीच निदान होऊन नियमित प्रतिबंधक उपचार मिळाल्यास मेंदूतील रक्तस्राव बहुतांशी टाळता येतो.