पिंटाचा नाविक आणि तुपाइआ : एकल सागरप्रवासवृत्ताची घडण

शिडाच्या छोट्या नौकेतून एकट्याने केलेल्या जगप्रवासाच्या वृत्तांताचा इतिहास सामान्यतः जोशुआ स्लोकम यांच्या 1900 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'पासून सांगितला जातो. 24 एप्रिल 1895 रोजी बॉस्टनहून निघालेली त्यांची सुमारे 11 मीटर लांबीची 'स्प्रे' नौका 27 जून 1898 रोजी न्यूपोर्टला परतली. शीर्षकातील 'एकटा' हा शब्द पुढे या वाङ्मयप्रकाराचे अधिष्ठान ठरला. मात्र हे एकटेपण जितके अनुभवाचे, तितकेच निवेदनाच्या रचनेचेही आहे.

ग्रंथाच्या आरंभभागातील एक प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अझोर्स बेटे सोडल्यावर आलुबुखारे आणि चीज खाऊन स्लोकम आजारी पडतात. वादळात, अर्धवट शुद्धीत असताना, त्यांना सुकाणूपाशी एक परका माणूस दिसतो. तो स्वतःची ओळख कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचा नाविक अशी करून देतो. शुद्धीवर आल्यावर नौका योग्य मार्गावर असल्याचे आढळते. संकटात निवेदकाची कल्पना ज्या पूर्वजाला हाक घालते, तो 1492च्या युरोपीय ताफ्यातील आहे. एकट्या नाविकाची वंशावळ येथे निश्चित होते.

पॅसिफिकच्या उष्ण कटिबंधात मात्र अनुभवाची दिशा बदलते. 1896 साली हुआन फर्नांदेझ सोडल्यावर 43 दिवसांनी नुकुहिवा बेट दृष्टीस पडले. तेथे न थांबता 72व्या दिवशी 'स्प्रे' सामोआतील आपिया येथे पोहोचली. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात सुकाणू बांधून ठेवले तरी नौका आपला मार्ग सोडत नसे. सूर्य रोज पाठीमागे उगवे, समोर मावळे. त्रिशंकूचा तारकासमूह रात्री बाजूला दिसे. जवळ होते ते एक स्वस्त पत्र्याचे घड्याळ. चंद्राचे वेध घेऊन स्थान पडताळल्याचे स्लोकम अभिमानाने सांगतात. त्याचबरोबर नकाशावरील आपली जागा गणितापेक्षा अंतःप्रेरणेने कळत असल्याचेही नमूद करतात.

स्लोकम ज्याला अंतःप्रेरणा म्हणतात, तिच्याशी निकटचे नाते असलेली एक शिकवली जाणारी, पाठांतराने जपलेली विद्या याच समुद्रात शतकानुशतके नांदत होती. राइआटेआ बेटाचा पुरोहित व नाविक तुपाइआ 1769 साली कुकच्या 'एन्डेव्हर'वर चढला. त्याच्या माहितीवरून तयार झालेल्या नकाशात 70हून अधिक बेटे आहेत. 1770 साली बटाव्हिया येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचे ज्ञान उरले ते इतरांच्या हस्ताक्षरात. प्रवासवृत्त मात्र त्याच्या नावावर जमा झाले नाही.

सामोआच्या किनाऱ्यावरील प्रसंगाचे मर्म यामुळे स्पष्ट होते. होडीतून आलेल्या स्त्रियांना स्लोकम एकटे आले आहेत हे खरे वाटत नाही. बरोबरच्या माणसांना त्यांनीच खाल्ले असावे, असा शेरा त्या मारतात. नरभक्षणाचा आरोप युरोपीय प्रवासवर्णनांनी ज्यांच्यावर केला, त्यांच्याकडूनच तो येथे उलट फिरतो. स्लोकम यांनी तो विनोद म्हणून नोंदवला आहे. परंतु जिथे दूरचा सागरप्रवास हे समूहाचे कार्य होते, तिथे एकटेपण ही शौर्याची नव्हे, संशयाची बाब ठरणे स्वाभाविक होते.

ही दोन्ही सूत्रे एकत्र आणली ती याच परंपरेतील एका नाविकाने. 1960च्या एकल अटलांटिक शर्यतीत भाग घेतलेले डॉक्टर डेव्हिड लुईस पुढे रीफ बेटांचा तेवाके आणि पुलुवातचा हिपूर यांच्या मार्गदर्शनाखाली, उपकरणे बाजूला ठेवून, समुद्रावर गेले. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'वी, द नॅव्हिगेटर्स' या ग्रंथाच्या शीर्षकातच 'मी'ची जागा 'आम्ही'ने घेतली आहे. 1976 साली सातावल बेटाच्या माउ पिआइलुग यांनी 'होकुलेआ' ही जोडनौका उपकरणांवाचून हवाईहून ताहितीला नेली, तेव्हा या विद्येची प्रचिती प्रत्यक्ष समुद्रावर आली.

स्लोकम यांच्या ग्रंथाची थोरवी यामुळे उणावत नाही. तारे आणि वारे यांच्या भरवशावर गेलेला त्यांचा पॅसिफिकमधील महिना या ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. तथापि त्या महिन्याचे वाचन पिंटाच्या काल्पनिक नाविकाबरोबर तुपाइआलाही सुकाणूपाशी उभे करून व्हावयास हवे. लिखित आत्मनिवेदन आणि मौखिक विद्या यांचा तौलनिक विचार केल्याशिवाय या वाङ्मयप्रकारातील 'एकटा' या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही.